बाईंचा गंधार

खुंटीसरांचं म्हणणं साधं होतं. जो मुलगा स्वरशास्त्राच्या पेपरात पहिला येतो, त्याला पेपरातलीच ओळ बघून गाता येत नसेल, तर त्याला संगीत येतं असं म्हणणाऱ्याचे कान आधी तपासायला हवेत! म्हणून संगीत शाळेत शास्त्राच्या तासाला जोडून त्यांनी कानाचा तास सुरू केला होता. फळ्यावर नवी कोरी ओळ लिहायची आणि मुलांनी ती आधी न ऐकता, नुसती बघून गायची. मग सर पेटीवर सूर वाजवणार आणि मुलांनी डोळे मिटून तो कुठला ते सांगायचं.

खुंटीसर हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. तारेचं कुठलंही वाद्य दिसलं की सर त्याच्या खुंट्या पिळायला धावत, मग ते वाद्य शाळेचं असो नाहीतर दुकानात विकायला ठेवलेलं असो.

कानाच्या तासाला त्यांचा एक नियम होता. कुणाचा सूर घसरला, की ऐकणाऱ्यांनी गुपचूप उठून उभं राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. सूर जागेवर आला, की गुपचूप खाली बसायचं. चार महिन्यांत वर्गातली बाराही मुलं अशी तरबेज झाली होती, की केसभर सूर हलला तरी बाकं करकरायची. त्यात सगळ्यात आधी उठायची ती सरांची धाकटी लेक. तिचा कान माझ्यावर गेलाय, असं सर येईल त्याला ऐकवत. माझ्यासाठी मात्र आजवर कुणाला उठावं लागलेलं नाही, हेही वर सांगत. ते खरंच होतं. वर्गात सर कधी गातच नसत. घसा जपायला हवा, म्हणत.

एवढं सगळं छान चाललं होतं आणि तेच मोठ्या बाईंच्या डोळ्यांत खुपलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी सरांना बोलावलं आणि परीक्षा लेखी असते, कान कुणी विचारत नाही, तेव्हा पुढच्या महिन्यापासून त्या तासाला जुने पेपर सोडवून घ्या, असं थंडपणे सांगितलं. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकाचं पुस्तक पाठ करून पोट भरतं का, असं ते बाईंना तोंडावर विचारून आले. बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं, की शनिवारी संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत, त्यांच्यासमोर सरांनी मुलांचं काय ते दाखवावं. अध्यक्षांना पटलं तर तास राहील, नाहीतर बंद.

अध्यक्षांचा धंदा नळ आणि पाइपांचा. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस शिस्तीचा भोक्ता. सरांनी आठवडाभर तयारी केली. अध्यक्षांच्याच हातून चिठ्ठीवर वाटेल ते सात स्वर लिहून घ्यायचे, वाटेल त्या क्रमाने, आणि मुलांनी ते बघताक्षणी गायचे. एवढं ऐकल्यावर कुणाची हिंमत आहे तास बंद करायची? कोरी चिठ्ठी सर शुक्रवारपासूनच खिशात घेऊन फिरत होते.

शनिवारी सभागृह पालकांनी भरलं. पहिल्या रांगेत बारा मुलं, त्यांच्या शेजारी खुर्चीत अध्यक्ष. त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून खास उशीची खुर्ची ठेवली होती. सर चिठ्ठी काढणार, एवढ्यात मोठ्या बाई पुढे आल्या. कार्यक्रमपत्रिकेत कुठेही नसलेलं, स्वतः रचलेलं स्वागतगीत त्या आता गाणार होत्या!

पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीत बाईंचा गंधार जो घसरला, तो थेट खालच्या मजल्यावर गेला. सरांनी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा त्यांची लेक उभी होती. पाठोपाठ बाराच्या बारा मुलं उभी. हाताची घडी, नजर समोर, तोंडातून अवाक्षर नाही.

बसा, बसा, अशा खुणा सर करू लागले, पण खाणाखुणांना बंदी त्यांनीच घातली होती, तेव्हा मुलांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी मात्र शेजारची उभी मुलं बघितली. आपल्याला इथली रीत माहीत नव्हती, असा ओशाळा चेहरा करून ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. अध्यक्ष उठले म्हटल्यावर पालक उठले. सबंध सभागृह उभं राहिलं.

बाईंना भरून आलं. त्यांनी दुसरं कडवं वरच्या पट्टीत घेतलं.

तिथे एक अपघात झाला. बाईंचा एक सूर चुकून बरोबर लागला. मुलं प्रामाणिक, झटकन खाली बसली. अध्यक्ष बसले, पालक बसले. बूड टेकतं न टेकतं तोच सूर पुन्हा निसटला आणि सगळे परत उभे. चार कडव्यांत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी बसायचा नाद सोडला आणि गुडघा चोळत उभेच राहिले.

गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. सर चिठ्ठी घेऊन पुढे गेले, तर अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, आता काही दाखवू नका. इतकी वर्षं शाळा बघतोय, पण गाण्यापुढे उठून उभी राहणारी मुलं पहिल्यांदा बघितली. हा तास बंद करायचा नाही. आठवड्यातून दोनदा घ्या."

सरांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे जेमतेम क्षणभर राहिला.

"आणि मुलं बाईंच्या गाण्याला इतकं मानतात," अध्यक्ष पुढे म्हणाले, "तर तास बाईंनीच घ्यावा. तुम्ही आपलं शास्त्र सांभाळा."

आता काय म्हणावं याला! चार महिने घसा फोडला सरांनी, म्हणजे फोडला नसला तरी फोडल्यासारखाच, आणि तास गेला बाईंच्या पदरात! सर तरातरा बाईंच्या खोलीत शिरले. खरं काय ते सांगायचंच, मग होऊ दे काय व्हायचं ते. बाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

"चौतीस वर्षं झाली गाते आहे, सर. आजवर कुणी उभं राहून ऐकलं नव्हतं."

खरं सांगितलं तर तासच जाणार होता, आणि ते डोळे बघितल्यावर जीभही रेटेना. अभिनंदन म्हणून सर बाहेर आले.

राग मग घरी निघाला. पानं वाढली होती, लेक आणि बायको जेवत होत्या आणि सर येरझाऱ्या घालत बोलत होते. कान कशाशी खातात हे जिला माहीत नाही, ती आता माझ्या मुलांचे कान तयार करणार!

"इतकं काय वाईट गायल्या त्या?" बायकोने विचारलं.

"वाईट? ऐक." सरांनी बाईंची दुसरी ओळ हुबेहूब गाऊन दाखवली. लेकीने घास खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

"बघ! पोरीलासुद्धा कळतं. आता ऐक, गंधार कसा लागायला हवा ते." आणि सरांनी डोळे मिटून, कानावर हात ठेवून, कित्येक वर्षं जपून ठेवलेला गळा मोकळा सोडला.

त्यांनी डोळे उघडले. लेक उभीच होती. हाताची घडी, नजर समोर. सरांनी खाकरून ओळ पुन्हा घेतली. मग आणखी एकदा, जरा सावकाश.

"अहो, पुरे करा ते गाणं," बायको म्हणाली. "पोरीला जेवायला बसू दे."