लग्नाच्या वांग्यांचा बिनचूक अंदाज

एका जंगलात, बाळांनो, वांगी फार चकाकायची. इतकी, की खारी त्यांत तोंड बघून गंध लावायच्या.

वांगी पिकवणारा जंगलात एकच, हुप्पाजी वानर. सकाळी एक पंप औषध मारायचा, संध्याकाळी एक. कीड तिकडे फिरकत नसे. हल्ली गिऱ्हाइकंही भीत भीतच यायची.

गोदाक्का सायाळीच्या लेकीचं, शेवंताचं, लग्न आठ दिवसांवर आलं. पंगतीला भरली वांगी हवीत, नाहीतर वऱ्हाड माघारी, असा वरपक्षाचा हट्ट. गोदाक्कांचे होते तेवढे सगळे काटे उभे राहिले. मागच्या बारशाला हीच वांगी खाऊन बाळाचा मामा पाळण्यात झोपला होता आणि बाळाला झोका द्यायला सांगत होता.

गोदाक्का धावल्या बगळेशास्त्र्यांकडे. "शास्त्रीबुवा, लग्नाच्या दिवशी वांग्यांत औषध किती उरेल, आधी कळेल का हो?"

"न कळायला काय झालं? रोज एक वांगं आणायचं, त्यातलं औषध मोजायचं. चार दिवसांचे आकडे मांडले की आठव्या दिवसाचा अंदाज निघतो."

शास्त्री रोज मळ्यावर जाऊ लागले. हुप्पाजी पडला अगत्याचा. दारी आलेल्या पाहुण्याला विकायचं वांगं द्यायचं? छे! झोपडीमागे घरच्या खाण्यापुरती चार रोपं होती, त्यांवर औषधाचा थेंब पडलेला नव्हता. त्यांचं वांगं तो खुडून द्यायचा. वर चहा पाजायचा.

पाचव्या दिवशी शास्त्र्यांनी जाहीर केलं, "लग्नाच्या दिवशी औषध शून्य!"

गोदाक्का आनंदानं रडल्या. हुप्पाजीही हरखला. "शून्य? मग अजून पुष्कळ मारता येईल की!" त्यानं लगेच चार पंप जास्त मारले.

लग्नाच्या दिवशी वरपक्ष भुकेला, म्हणून पंगत आधी बसली. नवरदेवानं तीनदा वांगी वाढून घेतली. मग अंतरपाट दूर झाला आणि त्यानं झोकात माळ घातली ती कासवभटजींना. भटजींनी लाजून माळेसकट मान आत ओढली. वऱ्हाडानं अक्षता टाकल्या. वाजंत्री वाजली. वरात भटजींना घेऊन नाचत नाचत निघूनही गेली.

शेवंता हार धरून उभीच राहिली. गोदाक्कांना हुंदका आवरेना. "शास्त्रीबुवा, तुम्ही शून्य म्हणाला होतात ना?"

शास्त्र्यांनी वही उघडून सगळे आकडे पुन्हा तपासले.

"अंदाज चोख आहे, अक्का. वांग्यांचंच काहीतरी चुकलं."

तात्पर्य: पाहुण्याला नेहमी घरचं चांगलं तेच द्यावं. गिऱ्हाइकासाठी अंदाज आहेच.