पेडलं कोण पुसतं?

सोमवारी सकाळी डूगल पेनरोजने शेडचं दार ढकललं आणि सायकलीकडे बघत उभाच राहिला. रविवारच्या फेरीत दोन्ही पेडलांत ह्यूअन खोऱ्यातला पिवळा चिखल गच्च भरला होता. डूगलने तो नेहमीप्रमाणे तसाच सोडला होता. आता तिथे चिखलाचा कणही नव्हता. पेडलचा पोलादी जबडा लखलखीत होता आणि स्प्रिंगवर तेलाचा एकच थेंब होता, तोही नेमका सांध्यात.

"ट्रुडी," त्याने स्वयंपाकघरात येऊन बायकोला विचारलं, "तू माझी पेडलं पुसलीस?"

"मी?" ट्रुडीने टोस्टवरून नजरसुद्धा उचलली नाही. "लग्नाला अकरा वर्षं झाली, तू स्वतःचे बूट पुसले नाहीस. आणि मी तुझी पेडलं पुसू?"

डूगल डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातले जंतू मोजत असे. कारणाशिवाय काही घडतं, यावर त्याचा विश्वास नव्हता. पण शेडला कुलूप नव्हतं, सिग्नेट गावात कुणाच्याच शेडला नसतं, आणि चोर आला तर सायकल नेतो, पुसून ठेवत नाही.

सायकल मुळात नेव्ह टास्करची. नेव्ह गेल्या मे महिन्यात वारला. दर रविवारी वीसेक जणांचा घोळका खोऱ्यातून फेरी मारायचा, त्याच्या पुढे सव्वीस वर्षं नेव्हच असे. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, सायकल डूगलच्या हवाली केली. "चालवणाऱ्याकडे असलेली बरी," एवढंच ती म्हणाली.

नेव्हचा जीव त्या पेडलांत होता. बुटाच्या तळाला बसवलेली पट्टी या जबड्यात खट्‌कन अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. एवढंच यंत्र, पण नेव्ह त्यावर तासभर बोलू शकत असे. चिखल दात घासायच्या ब्रशने काढायचा. स्प्रिंगला पातळ तेल, एकच थेंब, कारण जाड तेल धूळ बोलावतं. वर्षातून एकदा आस उघडून जुनं ग्रीस काढायचं, नवं भरायचं. बुटाचे स्क्रू दर महिन्याला तपासायचे. "पेडल वीस वर्षं टिकतं," तो म्हणायचा, "माणूस टिकला तर."

डूगलने यातलं एकही काम कधी केलं नव्हतं.

खरी अडचण पुसण्याची नव्हती. जबड्याची पकड कमी-जास्त करायला पेडलमागे एक बारीक स्क्रू असतो, फिरवताना तो टकटक वाजतो. डूगल तो पाच टकटकींवर ठेवायचा. पुढच्या रविवारी बेकरीसमोर थांबताना त्याने टाच वळवली, पाय सुटलाच नाही, आणि तो वीस लोकांदेखत उभ्या जागी आडवा झाला. घरी येऊन मोजलं तर स्क्रू बारावर. नेव्ह बारावर ठेवायचा.

डूगलने तो पाचवर आणला आणि पुराव्यासाठी फोटो काढला. त्यानंतरच्या रविवारी पुलाजवळ तो पुन्हा पडला. पुन्हा बारा.

"दोन झाल्या," रस म्हणाला. रस घोळक्यातला सुतार, जिभेला हाड नसलेला. "तिसरी लोळण घेतलीस की वर्षभर घोळक्याच्या शेपटाला. नियम म्हणजे नियम, गड्या."

नियम नेव्हनेच केला होता. आणि पंधरा दिवसांवर नेव्हच्या वर्षश्राद्धाची फेरी होती. त्या दिवशी नेव्हच्या सायकलवर जो बसेल तोच पुढे, असं सगळ्यांनी ठरवलेलं. डूगल नऊ वर्षं या घोळक्यात होता आणि नऊ वर्षं कुणाच्या तरी मागच्या चाकाकडे बघत आला होता. एकदा, एकच दिवस, त्याला समोर मोकळा रस्ता हवा होता.

शनिवारी बेकरीत रसने फोन पुढे सरकवला. नेव्हच्या हँडलवर त्याचं अंतर मोजायचं यंत्र अजून तसंच होतं; त्याचं बटण दाबून मारलेली फेरी सगळ्यांच्या फोनवर दिसायची. डूगलने त्याच्या बटणाला आदराने कधी हात लावला नव्हता. फोनवर नेव्हच्या नावापुढे नवी नोंद होती. गुरुवार, दुपारी दोन, वेरोनाचा चढ.

"मागच्या गुरुवारीही आहे," रस हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या मागच्याही. आणि वेळ बघ. जिवंतपणी होती त्याहून चार मिनिटं कमी."

टेबलावरच्या केकला कुणी हात लावेना.

"वजन कमी झालं असेल," शेवटी कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कुणी नाही.

डूगलला आकडा मिळाला होता आणि आकडा मिळाला की त्याला धीर यायचा. दुसऱ्या दिवशीची फेरी त्याने बुडवली. गुरुवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि दीड वाजताच शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे दबा धरून बसला. बाहेर धुकं दुपारीही उठलं नव्हतं. निलगिरीच्या साली वाऱ्याने पत्र्यावर घासत होत्या. दोनला पाच कमी असताना अंगणात पावलं वाजली. टक्, टक्, टक्. सिमेंटवर बुटाच्या पट्ट्यांचा आवाज. हे पाऊल डूगलने नऊ वर्षं ऐकलं होतं. डावा पाय किंचित ओढत चालणारं पाऊल.

दार उघडलं. आधी नेव्हचे पांढरे बूट आत आले.

डूगलच्या तोंडून जो आवाज निघाला त्याचं वर्णन त्याने पुढे कुणाकडेही केलं नाही.

"अगं बाई," ग्लेनिस छातीवर हात ठेवून म्हणाली. "डूगल? तू तिथे काय करतोयस?"

"गवत," डूगल म्हणाला. "तुम्ही?"

सदुसष्ट वर्षांची ग्लेनिस उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. नवऱ्याचे बूट तिने लोकरीच्या दोन जोड मोज्यांवर घातले होते, म्हणून पाय ओढला जात होता. "चोरी म्हण हवं तर," ती म्हणाली. "दिली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. आठवड्यात घर खायला उठलं. मग गुरुवारी येते, तू कामावर असतोस तेव्हा. चढ चढते, त्याच्याहून लवकर, घरी नेऊन तिच्याशेजारी चहा पिते, परत ठेवते. ते बटण दाबलं की टिंग वाजतं ना, तेही बरं वाटतं."

डूगलच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. कारण होतं. कारण असतंच. "म्हणजे स्क्रू तुम्ही फिरवता. आणि पेडलंही तुम्हीच पुसता."

"मी?" ग्लेनिसला हसू आलं. "चाळीस वर्षांत नेव्हने मला त्या पेडलांना बोट लावू दिलं नाही. मी येते तेव्हा ती तशीच असतात. स्वच्छ, अगदी त्याच्या मापाला. टाच जराशी हलवली की पाय मोकळा." तिने हातमोज्याने नाक पुसल्यासारखं केलं. "खरं सांगू? आज तुला चिठ्ठी ठेवणार होते, सायकल परत दे म्हणून. रविवारी मीच पुढे बसावं असं मनात होतं. पण तू ती इतक्या निगुतीने सांभाळतोस. कोणत्या तोंडाने मागू? तूच करतोस ना हे सगळं?"

डूगलने सायकलीकडे पाहिलं. डोळ्यांसमोर मोकळा रस्ता होता. धुकं फाटतंय, मागे वीस जण, पुढे कुणाचंही चाक नाही.

"हो," तो म्हणाला. "मीच."

कोपऱ्यात उभ्या सायकलचं डावं पेडल हळूच अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. ताजं ग्रीस भरलं की फिरतं असं, डूगलने स्वतःला सांगितलं. मग त्याला प्रश्न पडला, भरलं कुणी? तो प्रश्न त्याने पुढे जाऊ दिला नाही.

रविवारी निघण्याआधी त्याने दोन्ही स्क्रू पाचवर नाही, थेट शून्यावर आणले. तीनदा तपासले, फोटो काढला. सफरचंदांच्या जुन्या गोदामापाशी सगळे जमले. ग्लेनिस पायांत नेव्हचेच बूट घालून टोपली लावलेल्या साध्या सायकलवर आली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. डूगल पुढे निघाला. दोन किलोमीटर रस्ता खरोखर त्याचा होता. दोन्ही बाजूंना धुकं, समोर काही नाही, आणि मागे वीस साखळ्यांची एकसारखी कुजबुज.

मग रस्त्यावर ‘थांबा’ अशी पाटी आली. डूगलने टाच वळवली. काही झालं नाही. दुसरी वळवली. सायकल थांबली, क्षणभर सरळ उभी राहिली, आणि झाड पडावं तसा तो सावकाश उजवीकडे कलंडला.

"तीन," रस म्हणाला, पण त्याच्या आवाजात मजा नव्हती. डूगल रस्त्यावर पडला होता आणि त्याचे दोन्ही पाय अजून अडकलेलेच होते. रसने वाकून ओढून पाहिलं. खिशातला छोटा पाना काढून स्क्रू तपासला. "हा तर पार सैल आहे, लेका. बोटाने सुटायला हवा."

आणखी दोघांनी ओढलं. डूगलचा बूट तसूभर हलला नाही. डूगलने गाल डांबरावर टेकवला आणि पेडलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "बरं. मी नाही पुसली."

खट्. खट्. दोन्ही पाय सुटले.

"काय म्हणालास?" ग्लेनिस जवळ आली होती.

डूगल उठून बसला. आता खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. "पेडलं मी पुसत नाही, ग्लेनिस. एकदाही पुसली नाहीत. तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही. सायकल तुमची आहे. पुढे तुम्ही चला."

"मग कोण पुसतं?" रसने विचारलं, आणि विचारल्याचा त्याला लगेच पस्तावा झालेला दिसला.

ग्लेनिसने त्या पेडलांकडे पाहिलं. तिने वाकून सायकल उभी केली, नेव्हचा बूट जबड्यावर टेकवला. खट्‌कन बसला. टाच जराशी हलवली, लगेच सुटला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चाळीस वर्षांचा जुना वैताग होता.

"मेल्यावरही पेडलंच," ती म्हणाली. "साखळी महिनाभर करकरतेय, ती दिसत नाही या माणसाला."

ती निघाली. मागून घोळका निघाला, आणि सगळ्यांच्या शेवटी टोपलीच्या सायकलवर डूगल. त्याच्या बुटांच्या पट्ट्या सपाट पेडलांवरून सारख्या घसरत होत्या. पुढून साखळीची करकर स्पष्ट ऐकू येत होती. चढाच्या तिसऱ्या वळणावर ती करकर एकाएकी बंद झाली. ग्लेनिस मात्र चालवतच होती.

रसने मान वळवून मागे डूगलकडे पाहिलं. डूगलने खांदे उडवले आणि दोघेही जरा जोरात पेडल मारू लागले.