साहेबांचा पहिला दुधी

पिंपरीच्या औषध कारखान्यात कारकुनी करणाऱ्या यशवंतरावांनी क्वार्टरमागच्या मुरमाड जागेत दुधीचा वेल लावला, तो भाजीसाठी नव्हे, हेडक्लार्कच्या खुर्चीसाठी. जुने हेडक्लार्क निवृत्त होणार होते, खुर्चीवर शेजारच्या टेबलावरच्या सोपानरावांचाही डोळा होता, आणि साहेबांना परसातल्या भाजीचं भारी कौतुक होतं.

वेलाला दुधी धरला. पहिलं फळ मारुतीला वाहायचं, असं बायकोने, शालनबाईंनी, सांगून पाहिलं. पण मारुतीच्या हातात बढती नव्हती, त्यामुळे यशवंतरावांना ते पटलं नाही.

पिंपळ्याहून दूध घालायला येणाऱ्या सगुणाबाई शेतकरी घरातल्या. वेल बघून त्या म्हणाल्या, "येलाला पाण्याचा ताण पडलाय. देठाकडची चकती चाखून बगा, न्हाईतर कडू निघंल."

"साहेबांची वस्तू उष्टी करू?" यशवंतरावांनी कानांवर हात ठेवले. देवाच्या नैवेद्याला जे सोवळं त्यांनी जन्मात पाळलं नव्हतं, ते साहेबांच्या दुधीला पाळलं. दुधी धुऊन, पुसून, धुतल्या पंच्यात गुंडाळून बंगल्यावर पोचता केला.

बाईसाहेबांनी त्याचा हलवा केला आणि रविवारी सगळ्या खात्याला जेवायला बोलावलं. पाहुण्यांआधी त्या काही चाखत नसत. साहेबांना मधुमेह, त्यामुळे ते नुसतेच बघणार होते.

यशवंतरावांनी पहिला घास घेतला. त्यापेक्षा कडुनिंब बरा. आता कुणी तोंड उघडलं की खुर्ची गेलीच. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "कसा झालाय हलवा?"

"अमृत आहे साहेब," सोपानराव डोळे पुसत म्हणाले.

मग बाकीचे कसे मागे राहतील? असा हलवा आयुष्यात खाल्ला नाही, असं एकाने सांगितलं, आणि तो खरं तेच बोलला. खूश झालेल्या बाईसाहेबांनी आग्रह करकरून पातेलं रिकामं केलं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काही उरलं नाही.

साहेबांना भरून आलं. "यशवंतराव, तुमच्या हाताला गुण आहे. कारखान्यामागच्या पडीक जागेत याच बियाण्याची बाग करायची. उद्यापासून तुम्ही तिकडे. ऑफिस सोपानराव बघतील, हेडक्लार्क म्हणून."

घरी येऊन यशवंतरावांनी वेलावरचा दुसरा दुधी तोडला आणि मारुतीला वाहायला शालनबाईंच्या हातात दिला. त्यांनी देठाकडची चकती कापली, चाखली आणि थुंकून टाकली.

"हा देवाला नको," त्या म्हणाल्या. "त्याला कुठं बढती हवीय?"