काटा लालात, व्याही दारात

असानकुलने त्या सकाळी एक छोटासाच निर्णय घेतला. मिस्त्रीला बोलवायचे नाही.

खरे तर बोलवायला कारण होते. बॉयलरवरचा दाबाचा काटा एरवी हिरव्या पट्ट्यात शहाण्या मुलासारखा बसलेला असे, तो आज लाल पट्ट्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभा होता. पण असानकुल शहराच्या पाणीखात्यात कारकून. नळाला पाणी कमी दाबाने येते, अशा तक्रारींना उत्तरे लिहिण्यात त्याची हयात गेलेली. (उत्तर एकच असे: ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.’) दाब जास्त झाल्याची तक्रार तो जन्मात पहिल्यांदाच बघत होता, आणि आपल्याला बढती मिळाल्यासारखे त्याला वाटत होते.

“अहो, मिस्त्रीला फोन करा,” बुरुल पीठ मळता मळता म्हणाली. “आज घोळ नको.”

“अगं, ही हीटिंग मी बसवली आहे.”

“तुम्ही?”

“म्हणजे मिस्त्री बसवत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलंय.”

बुरुलने पिठाचा गोळा जरा जास्तच जोरात आपटला.

आज घोळ नको, हे मात्र तिचे खरे होते. डोंगरातल्या नारिन गावाहून व्याही यायचे होते. म्हणजे अजून पक्के व्याही नव्हेत. मुलाची आई आपल्या हाताने मुलीच्या कानांत डूल घालते, तेव्हा आमच्याकडे लग्न ठरते. उमसुनायबाई डूल घेऊन निघाल्या आहेत एवढे कळले होते. ते घालतील की तसेच पिशवीतून परत नेतील, हे मात्र त्यांच्या मर्जीवर. मागच्या गल्लीतल्या एका घरातून डूल परत गेले होते. चहा कोमट होता म्हणून, असे सांगतात. असानकुलच्या लेकीने, आयजार्किनने, उमसुनायबाईंच्या एर्मेकला स्वतः पसंत केलेले, त्यामुळे सकाळपासून ती पोर पाहुण्यांसाठी पिठाचे बोर्सोक तळता तळता सारखी कानाच्या पाळीला हात लावून बघत होती. 

नारिनचे लोक अजून कोळशाच्या शेगडीवर घर तापवतात. तेव्हा त्यांच्या पाठीला आपला रेडिएटर लागला पाहिजे, असे असानकुलने मनाशी पक्के केले होते. अडचण एकच होती. मानाच्या बैठकीमागे, रेडिएटरला अगदी टेकून, आयजार्किनच्या रुखवतातल्या गाद्यांची चळत होती. बुरुलने वर्षानुवर्षे डोळे फोडून शिवलेल्या त्या गाद्या. चळत जेवढी उंच, तेवढी मुलीकडच्यांची मान उंच. ती चळत आल्या पाहुण्याला दिसायलाच हवी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण असानकुलला रेडिएटर दाखवायचा होता. आदल्या संध्याकाळी त्याने गाद्या एकेक करून बॉयलरच्या खोलीत नेल्या आणि तिथल्या पेटीवर भिंतीलगत रचल्या. शेवटच्या काही गाद्या मावेनात, तेव्हा त्याने खांदा लावून त्या कोंबल्या. मागे काहीतरी करकरले. त्याने आणखी जोर लावला. मग आवाज थांबला, आणि असानकुल समाधानाने झोपायला गेला.

आणि आता काटा लालात!

“पाणी जास्त झालंय,” असानकुलने निदान केले. “थोडं काढलं की झालं.”

त्याने रेडिएटरचा स्क्रू सैल करून खाली वाडगा धरला. काळेकुट्ट पाणी आले. काटा खाली उतरला. असानकुलने हात झटकले, मिशीवरून बोट फिरवले आणि चहाला बसला. चहा संपवून बघतो तर काटा पुन्हा जागच्या जागी! मग दुसरा वाडगा. मग किटली. मग कणकेची परात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीखाली थेंब धरायला ठेवलेला पत्र्याचा डबासुद्धा त्याने उचलून आणला आणि भरला.

“अहो, मटणाचं मोठं पातेलं कुठंय?” आतून बुरुल ओरडली.

 पातेले असानकुलच्या हातातच होते आणि त्यातले पाणी शाईसारखे दिसत होते.

शेवटी त्याने शेजारच्या मामीरला फोन लावला. मामीर टॅक्सी चालवतो आणि त्याला सगळ्यातले सगळे कळते.

“दादा, तो लाल गोल डबा आहे ना, त्यातली हवा गेली असणार,” मामीर म्हणाला. “गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह आहे बघ त्याला. पंप मार.”

असानकुलने पंप मारला. काटा सरसर वर गेला.

“वर चाललाय!”

“मग थांब ना, दादा!”

“थांबलो. तरी चाललाय!”

“मग बॉयलर बंद कर. पाणी गार झालं की काटा आपोआप उतरतो. साधी गोष्ट आहे.”

असानकुलने बॉयलर बंद केला आणि काट्यावर डोळे लावून बसला. पाणी गार होत गेले. घर गार होत गेले. असानकुलही गार होत गेला. काटा जरासा खाली आला, घुटमळला, आणि पुन्हा वर निघाला. आता मात्र त्याची मतीच गुंग झाली. जाळ नाही, ऊब नाही, मग हे पाणी फुगतेय कशाच्या जिवावर? त्याने काचेवर टिचकी मारली. मग बॉयलरला चापट मारली. मग कुणी बघत नाही असे पाहून त्याला हात जोडले. बाहेर पारा उणे वीसच्या खाली होता.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

व्याही दोलोतबेक म्हणजे उंचापुरा, हसऱ्या चेहऱ्याचा मेंढपाळ गडी. उमसुनायबाई बुटक्या, बोलायला कमी, बघायला जास्त. पाठोपाठ एर्मेक, मान खाली घालून. गळाभेटी झाल्या. असानकुलने पाहुण्यांचे बूट मानाने स्वतःच्या हातांनी उचलले आणि उबेला म्हणून बॉयलरखाली नेऊन ओळीने मांडले. नेमके, नळीखालचा तो पत्र्याचा डबा असायचा त्या जागी. (बॉयलर बंद आहे, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही.)

पाहुणे मानाच्या जागी बसले. दोलोतबेकने पाठ रेडिएटरला टेकली आणि चटकन पुढे सरकला.

“छान आहे,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात बरं पडत असेल.”

उमसुनायबाईंनी कोट काढला नाही. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या खोलीभर नजर फिरवत होत्या. नजर मागच्या रिकाम्या भिंतीवर येऊन थांबली.

“विहीणबाई, मुलीच्या गाद्या दिसत नाहीत त्या?”

बुरुलचा चेहरा पडला. “आहेत ना! खूप आहेत. ह्यांनी... आत ठेवल्यात.”

“आत,” उमसुनायबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. आयजार्किनने चहाची वाटी पुढे केली. चहा कोमट होता. (किटली कशात गुंतली होती, ते आपल्याला ठाऊक आहेच.) वाटी देऊन त्या पोरीने पुन्हा कानाच्या पाळीला हात लावला.

असानकुलच्याने ते बघवेना. तो उठला, बॉयलरच्या खोलीत गेला, देवाचे नाव घेतले आणि बॉयलर भडकवून पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. घर तरी तापेल! घर तापायला लागलेही. दोलोतबेकने टोपी मागे सरकवली. बाईंनी कोटाचे एक बटण काढले. असानकुलला वाटले, जिंकलो. आणि आतून असा आवाज आला, की गोठ्यात घोडी खिंकाळावी.

“गाद्या!” बुरुल ओरडली आणि धावली. पाठोपाठ सगळे धावले.

सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला होता. नळीतून वाफाळते काळे पाणी भसाभसा थेट दोलोतबेकच्या उजव्या बुटात पडत होते. तो भरला तसे डाव्यात जाऊ लागले. असानकुल पुढे धावला, पण नेमके काय धरावे हे न कळल्याने त्याने काटा धरला.

“आधी बॉयलर बंद करा, बाबा!” असे म्हणत आयजार्किनने स्वतःच बटण दाबले.

बुरुल गाद्या ओढायला लागली. उमसुनायबाईंनी पदर खोचावा तसा कोट खोचला आणि त्याही ओढायला लागल्या. गाद्या एकावर एक एर्मेकच्या हातात जाऊ लागल्या, इतक्या की मुलगा दिसेनासा झाला. कोंबलेल्या शेवटच्या गाद्या निघाल्या आणि मागे भिंतीवर एक नळ दिसला. त्याची दांडी गाद्यांच्या भाराने वाकून खाली झुकलेली.

“हा नळ कशाचा?” बाईंनी विचारले.

“बॉयलरमध्ये पाणी भरायचा,” असानकुल म्हणाला. “तो कायम बंद असतो.”

“मग हा उघडा का आहे?”

 बुरुलने नवऱ्याकडे पाहिले. असानकुलने छताकडे पाहिले. शहराच्या नळाचे पाणी रात्रभर चोरपावलांनी आत येत होते, आणि हा बहाद्दर वाडग्यावाडग्याने ते बाहेर काढत बसला होता. बाईंनी दांडी वर करून नळ बंद केला. थोड्या वेळाने फुसफुस थांबली आणि काटा मुकाट्याने खाली उतरला.

एकही गादी भिजली नव्हती. बुरुल मटकन खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडली. उमसुनायबाई तिच्या शेजारी बसल्या, एकेक गादी मांडीवर घेऊन उलटीपालटी करू लागल्या. टाक्यांवरून बोट फिरवले. मांडीवरची गादी बराच वेळ खाली ठेवली नाही.

भिजलेल्या बुटांनी त्या थंडीत निघणे शक्यच नव्हते. पाहुण्यांना मुक्काम करावा लागला. बूट वाळायला मानाच्या जागी रेडिएटरला टेकून बसले, आणि दोलोतबेक असानकुलच्या तोकड्या सपाता घालून दाराशी बसला. जेवण झाले. मग बाईंनी पिशवी उघडली.  आयजार्किनने डोळे मिटले होते. बाईंनी तिच्या दोन्ही कानांत डूल घातले, कपाळाचे चुंबन घेतले, आणि असानकुलला रडूच फुटले.

“बघितलंस?” तो बुरुलच्या कानाशी पुटपुटला. “शेवटी हीटिंगनेच काम केलं.”

ते बाईंनी ऐकले.

“केलं ना,” त्या म्हणाल्या. “आमच्या एर्मेकलाही सगळं आपल्यालाच कळतं असं वाटतं. त्याच्यापुढं कुणाचा टिकाव लागेल याची मला काळजी होती. पण या घरात वाढून मुलगी एवढी शांत राहिलीय. मग चिंता मिटली.”

सगळे हसले. सगळ्यात जोरात एर्मेक. (त्याला अजून काही कळलेले नव्हते.)

दुसऱ्या दिवशी निघताना दोलोतबेकने असानकुलला पोटाशी धरले.

“व्याही, आम्हालाही अशीच हीटिंग घ्यायची आहे. त्या मिस्त्रीचा नंबर द्या.”

“नंबर कशाला? मी स्वतः येतो ना!”

“नको, नको,” दोलोतबेक घाईने म्हणाला. “मिस्त्री काम करत होता तेव्हा तुम्ही नक्की कुठं उभे होता, तेवढं सांगा. तिथं आम्ही भिंत घालतो.”