आदर्श तपकिरी

रुग्णालयाचं भांडार जळून खाक झालं. अशी कोणतीही घटना घडलेली नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. भांडारात परमँगनेट होतं, परमँगनेट हे शुद्धीकरणाचं द्रव्य आहे आणि शुद्धीकरणाच्या द्रव्याने पेट घेण्याची तरतूद खात्याच्या नियमांत नाही. तेव्हा जे घडलं नाही ते कसं घडलं, एवढंच सांगायचं आहे.

भांडारपालाची बायको त्याच रुग्णालयात, बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका होती. कक्षात तापाचं प्रमाण वाढलं, तेव्हा कर्मचारी हात धूत नाहीत, असं निदान अधीक्षकांनी केलं. निदान अचूक होतं. अडचण एवढीच, की धुतलेला हात आणि न धुतलेला हात दिसायला सारखाच. मग अहवालात दाखवायचं काय? इथे परमँगनेट धावून आलं. त्याचे जांभळे खडे पाण्यात टाकले की पाणी गुलाबी होतं, त्यात हात बुडवला की कातडी तपकिरी होते आणि तो रंग काही दिवस हटत नाही. स्वच्छतेला अखेर पुरावा मिळाला. दारोदार बादल्या आल्या. प्रत्येक बादलीशेजारी रंगपट्टी घेऊन एक तपासनीस बसला. पट्टीवर छटा होत्या: फिकट, समाधानकारक, गडद, आदर्श.

सोमवारी बुडवलेला हात शुक्रवारपर्यंत स्वच्छ राहतो, हे कर्मचाऱ्यांच्या चटकन लक्षात आलं. मग रोज धुवायचा कशाला? शिवाय साबणाने घासलं की रंग उतरतो, अशी तक्रार आल्यावर सगळा साबण जप्त करून भांडारात कुलूपबंद झाला. ताप आणखी वाढला. अधीक्षकांनी बादलीतले खडे दुप्पट केले.

परिचारिका मात्र घरून साबणाची वडी आणायची. परिणामी तिचे हात कायम स्वच्छ आढळले आणि अस्वच्छतेबद्दल तिला नोटीस मिळाली. आठवड्यात छटा दाखवा, नाहीतर घरी बसा.

"अगं, एकदा बुडव की," भांडारपाल म्हणाला. "हात तोडून मागतायत का?"

"अहो, त्या बादलीत सकाळपासून अख्खं रुग्णालय हात बुडवतं. शवागारातला माणूससुद्धा. तोच हात मी नाळेला लावू?"

"पण पाणी गुलाबी असतं ना!"

"सकाळी. दुपारपर्यंत त्याचा चहा होतो. म्हणजे औषध संपलं, उरला नुसता रंग."

"चहा झाल्यावर रंग झकास चढतो म्हणे."

"मग तुम्हीच प्या."

भांडारपालाला दोन गोष्टींची धास्ती होती. बायकोची नोकरी जाईल, ही एक भीती. दुसरी भीती अशी, की गेली तर ती दिवसभर घरी असेल आणि तिचं म्हणणं बरोबर असेल.

एव्हाना सगळ्यांचे हात भेगाळले होते. त्यावर उपाय म्हणून ग्लिसरीनच्या बरण्या आल्या आणि 'हातासंबंधीच्या सर्व वस्तू एकाच ठिकाणी ठेवाव्यात' असा आदेश निघाला. परमँगनेटच्या पिंपावर बारीक अक्षरांत छापलं होतं: प्रबळ ऑक्सिडीकारक, तेल, साखर, ग्लिसरीन यांपासून दूर ठेवा. पण त्यावर 'सुरक्षित हात, सुरक्षित माता' हा कागद डकवला होता. तो खुद्द भांडारपालानेच, एकही सुरकुती न पडू देता, डकवला होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याला प्रेमाचा उमाळा आला. बादलीत नको तर नको. तिच्यासाठी वेगळा लेप करू. रंगही चढेल आणि हातही मऊ राहतील. त्याने वाटीत मूठभर खडे घेतले आणि वर ग्लिसरीन ओतलं. काहीच झालं नाही. सरकारी माल, वेळ घेणारच, म्हणून त्याने वाकून बोटांनी ढवळलं. धूर निघाला, वाटी फुसफुसली आणि जांभळट ज्वाळेने आधी त्याचे हात, मग पिंप, मग साबणासकट सगळं भांडार शुद्ध केलं.

बायको धावत आली. तिने साबणाने हात धुतले, त्याचे हात थंड पाण्याखाली धरले, पट्ट्या बांधल्या. "कशाला केलंत हे?" एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, "तुझ्यासाठीच गं."

तपासनीसाने पट्ट्या सोडवून रंगपट्टी लावली आणि तो हडबडला. "साहेब, पट्टी संपली! हे आदर्शच्याही पुढे गेले!" 'परमआदर्श' ही नवी छटा मंजूर झाली. भांडाराच्या भिंतीही त्याच छटेत बसल्या. भांडारपालाचा सत्कार झाला. पुष्पगुच्छाऐवजी गळ्यात हार घालावा लागला, कारण हातात काही धरता येत नव्हतं. परिचारिकेवर मात्र ठपका आला: अस्वच्छ हातांनी परमआदर्श हातांना स्पर्श केला. ती बडतर्फ झाली. तिने वाचवलेल्या बाळंतिणींच्या नातेवाइकांनीच साक्ष दिली, "हो साहेब, त्यांच्या हातांवर कधी डाग पाहिला नाही."

या यशानंतर योजना दुकानं, शाळा, कचेऱ्या सगळीकडे लागू झाली.

भांडारपालाने तोंडी सांगून अर्ज लिहवून घेतला: पत्नीस कामावर परत घ्यावं आणि कक्षात साबणाची एक वडी ठेवू द्यावी. त्यावर बाहेरच्या एका नागरिकाची सही लागते. त्यासाठी भांडारपाल रुग्णालयाच्या फाटकाशी उभा आहे. येणारे-जाणारे आधी आपला हात खिशात घालतात, मग हळहळतात. तरी हे वाचणाऱ्याने बादलीकडे जाताना वाटेत क्षणभर थांबून, हात खिशाबाहेर काढून सदर अर्जावर सही करावी, ही नम्र विनंती.