पार्सिपनीतलं समुद्रकाठचं इंग्लंड

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या जुन्या गावांवर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या पार्सिपनी गावात सापडणार नाही! जन्मभर ती गावं पुस्तकांत वाचली. त्यात १९८४ साली मुलाकडे इथे अमेरिकेला येताना वाटेत आठवडाभर तिथे प्रत्यक्ष हिंडलो. म्हणून श्रीरंगने, माझ्या मुलाने, घराच्या बेसमेंटमध्ये इथल्या मराठी मंडळाची माणसं जमवून माझा स्लाइड-शो ठेवला.

अडचण एवढीच, की चार माणसं समोर दिसली की माझी वाचा बसते. लग्न झाल्यापासून माझ्या वतीने पद्मिनीच बोलते. या वेळी मात्र तिला बजावलं, "आज मी एकटा बोलणार! तू चकार शब्द काढायचा नाहीस!"

भाषण तोंडपाठ केलं. लोक दिसू नयेत म्हणून डोळे गच्च मिटले आणि सुरू झालो.

"हे प्राचीन बंदर. फार झीज झाली आहे, पण अजून उभं आहे!"

हशा! माझ्या भाषणाला? मला चेवच आला.

"वरच्या उतारावर पूर्वी दाट झाडी होती. वाऱ्याने सगळी साफ केली!"

लोक खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात!

"आणि ही आ वासलेली गुहा. चोरटे व्यापारी हिच्यात माल लपवायचे!"

"आबा, स्टॉप! इट्स स्टक!" माझी नात वीणा किंचाळली.

डोळे उघडले. प्रोजेक्टर एकाच स्लाइडवर अडकला होता आणि श्रीरंग त्याला थपडा मारत होता. पडद्यावर बंदर कुठलं? भिंतभर मीच! किनाऱ्यावरच्या कापडी खुर्चीत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, टकलावर ऊन घेत, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला!

पुढचं सगळं भाषण पुसलं गेलं. पाय आपोआप जिन्याकडे वळले. तेवढ्यात शेजारची सुजाता डोळे पुसत म्हणाली, "काका, जाऊ नका ना! त्या गुहेत आत जाता येतं का?"

मी केविलवाणेपणाने पद्मिनीकडे पाहिलं.

"दिवसा जाता येतं गं," ती शांतपणे म्हणाली. "रात्री मात्र आतून असे आवाज येतात, की मी हल्ली वीणाच्या खोलीत झोपते!"

टाळ्या थांबेचनात. मंडळाने पुढच्या महिन्यात इंग्लंडवर पुन्हा भाषण ठेवलं आहे. वक्त्या, सौ. पद्मिनी.

मी तिला ते लिहून देतो आहे.