पावसाचा बंदोबस्त

खुर्च्या आल्या, मांडव उभा राहिला, खाऊचे डबे आले. बु विनार्सिह यांनी यादीतल्या एकेका ओळीवर खूण केली आणि चौथ्या ओळीशी पेन्सिल अडली. तिथे त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं, "पावसासाठी म्बाह पोनिरान यांना सांगितले."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

जावात बाईला मानाने बु म्हणतात, म्हाताऱ्याला म्बाह; आणि तिथे उघड्यावर कार्य काढायचं तर आचाऱ्याच्या आधी पाऊस अडवणाऱ्याला सांगतात. बाईंनी तीन मुलींची लग्नं अशीच कोरडी पार पाडली होती. याही वेळी सवयीने हात फोनकडे गेला होता. पण आजचं कार्य लग्नाचं नव्हतं. त्यांच्या संस्थेतल्या मुलींनी नदीच्या वरच्या अंगाला बसवायला एक यंत्र बनवलं होतं. ठरावीक पाऊस साचला की भोंगा वाजणार आणि लोंढा यायच्या आत खालचं गाव टेकडीवर जाणार. ते बघायला वर्गाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या बु हेर्लिना जाकार्ताहून आल्या होत्या. भोंगा वाजला तर मुलींचा विज्ञानवर्ग आणखी तीन वर्षं चालणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप. म्हणून तर भर जानेवारीतली दुपारची दोनची वेळ धरली होती. त्या वेळी इथे पाऊस सहसा चुकत नाही.

दोन वाजले. सव्वादोन झाले. ज्वालामुखीवरून काळे ढग निघाले, मांडवापर्यंत आले आणि बाजूने निघून गेले.

"झारीने पाणी घालून दाखवू का?" रेत्नानिंगने विचारलं. सोळा वर्षांची ही पोर वर्गाची म्होरकी.

"झारी मी तीन गावांत बघितली," बु हेर्लिना म्हणाल्या. "तिन्ही ठिकाणी झारीला वाजलं, पावसाला नाही वाजलं. मला पाऊस दाखवा. तीनला निघायचंय मला. बरं, हात कुठे धुवायचे?"

रेत्नानिंगने त्यांना न्हाणीघर दाखवलं. तेवढ्यात बु विनार्सिह स्वयंपाकघराला वळसा घालून मागे पळाल्या.

म्बाह पोनिरान केळीखाली बसले होते. समोर जमिनीत रोवलेली काडी, काडीला टोचलेली तांबडी मिरची आणि कांदा, शेजारी धूप.

"म्बाह, थांबवा!"

"थांबवलाय की." म्हाताऱ्याने आभाळाकडे बोट केलं. "बघा, कसा शहाण्यासारखा वळसा घालून गेला."

"तसं नाही हो! थांबवणं थांबवा. पाऊस हवाय मला!"

म्हाताऱ्याने लवंगेची विडी खाली ठेवली. "बु, चाळीस वर्षांत असं कुणी सांगितलं नाही मला. आणि मी फोनवर दोनदा म्हटलं होतं, शनिवार नको, रविवार धरा. तुम्हीच हटून बसलात."

"चुकलं माझं. सोडा आता त्याला."

"सोडायचा तर आंघोळ करावी लागते. तीन दिवस अंगाला पाणी लावलेलं नाही मी."

"मग करा ना!"

"कुठे? न्हाणीघरात तुमची पाहुणी शिरलीय."

तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंनी बाह्या सारल्या, म्हाताऱ्याला दंडाला धरून विहिरीवर नेलं आणि रहाट ओढून बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"हळू, बु! पाऊस आणायचाय का मला बुडवायचंय?"

"बोलू नका. कानामागे धुवा."

सातवी बादली ओतताना बाईंच्या नाकावर एक थेंब पडला. तो विहिरीचा नव्हता. मग दुसरा, तिसरा, आणि मग आभाळच फाटलं.

थोड्याच वेळात भोंगा असा केकाटला की मांडवातल्या खुर्च्या हादरल्या. आज भोंगा वाजला तर जागचं हलू नका, हे गावाला सांगायचं मात्र सगळेच विसरले होते. दोन महिने सराव केलेलं गाव उठलं आणि धावत सुटलं. भाताची भगुणी घेतलेल्या बायका, शेळ्या, म्हातारेकोतारे, सगळे टेकडीवर. ओल्या हातांच्या बु हेर्लिनांना कुणीतरी मनगटाला धरून ओढलं. त्यांच्या चपला न्हाणीघराच्या दारातच राहिल्या. त्यांचा ड्रायव्हर तर त्यांच्याही आधी वर पोचला होता.

टेकडीवर बु हेर्लिनांनी धापा टाकत घड्याळ बघितलं. "नऊ मिनिटं. अख्खं गाव. शेळ्यांसकट." मग भिजल्या कागदावर काहीतरी खरडलं. "तीन वर्षं लिहिणार होते, पाच लिहिलीत. आता आधी माझ्या चपला आणा."

मुलींनी एकच आरडाओरडा केला. बु विनार्सिह चिखलातच मटकन खाली बसल्या. छातीवरचा दगड उतरला होता. पण मनात एक खडा राहिलाच. उद्या या मुलींना विज्ञान कुठल्या तोंडाने शिकवायचं?

"बु, तुम्ही होतात कुठे?" रेत्नानिंग त्यांच्या कानाशी लागली. "तुम्ही गेल्यावर मी नोंदी बघितल्या आणि तुम्हाला शोधत होते. हवेचा दाब एक वाजल्यापासून उतरत होता. तीनच्या आत पाऊस येणारच होता. फाटकावरच्या हवामानाच्या फळ्यावर बुधवारीच लिहिलंय आम्ही. शनिवारी जोरदार, रविवारी कोरडं."

बाईंनी मान वळवली. म्बाह पोनिरान आपलं कमरेचं सारोंग पिळत होते.

"म्हणून रविवार धरा म्हणत होतात?"

"मग? दोन वर्षं झाली, तो फळा बघितल्याशिवाय मी कुणाचं कार्य घेत नाही." म्हातारा रेत्नानिंगकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, अक्षरं तेवढी मोठी काढत जा. गेल्या महिन्यात तुझं 'जोरदार' मला दिसलंच नाही. नवरदेव भिजला."